इंदाक्का, तुझं ते ‘आवं’

आक्का, तुझा आवाज मी पुसला.

तुझ्या दहाव्याला नदीवर आलो होतो. सगळे परत फिरल्यावर तुझ्या हवालदारांनी मला हाताला धरून एका बाजूला नेलं. म्हणाले, “मास्तर, येक इचारू? सिनेमाच्या वक्ताला तुमी टेप लावला हुता न्हवं? त्यात तिचा आवाज आसंल. थोडा आसला तरी चालंल.”

मी नदीकडं बघत होतो. म्हणालो, “नाही हवालदार. तो टेप मी पुसला.”

त्यावर ते जे म्हणाले ते पुढं सांगतो. आधी हे तुला सांगायला हवं, कारण तू होतीस तेव्हा मी हे बोललो नाही. सिनेमात तुझ्या तोंडी दुसऱ्या बाईचा आवाज घातला, हे तुला माहीत होतं, सगळ्या उंब्रजला माहीत होतं. पण शूटिंगच्या वेळी बाजूला टेपरेकॉर्डर ठेवून तुझं जे बोलणं भरलं होतं, त्याच टेपवर मी पुण्याच्या त्या बाईंच्या तालमी भरल्या. नवं रीळ आणणं जड होतं, असं तेव्हा श्रीधरला सांगितलं. जड होतं हे खरंच. पण मी मागितलं असतं तर कुणीतरी दिलं असतं. मी मागितलं नाही.

आता मला सुरुवातीपासून बोलू दे. तू मधे मधे बोलायचीस तशी बोलणार नाहीस, याची सवय अजून झालेली नाही.

साताऱ्यात शाळेत शिकवणारा मी, आणि लग्नाचे फोटो काढणारा श्रीधर. त्याच्या मामाचा एक छोटा कॅमेरा हाताशी आला आणि आम्हाला सिनेमा काढायचं वेड लागलं. गोष्ट साधी होती. पलटणीत उमर घालवून एक शिपाई पेन्शनीवर घरी येतो. इतकी वर्षं शेत, गुरं, पोरं सगळं बायकोनं एकटीनं सांभाळलेलं. आता हा घरात पाहुण्यासारखा बसतो, आणि तिला त्याला पुन्हा घरचा करून घ्यायचं असतं. या दोघांवर सगळा सिनेमा उभा. दोन माणसं नीट मिळाली तर सिनेमा, नाहीतर काही नाही.

आम्ही आधी सांगलीला गेलो. नाटकाचं गाव, माणसं मिळतील असं वाटलं. मिळालीही, ढिगानं मिळाली. एक बाई नऊवारी नेसून, डोक्यावर हंडा घेऊन खोलीत आल्या आणि “काय वं धनी” असं लाडात म्हणाल्या. बाई गुणी होत्या, संगीत नाटकात नाव होतं त्यांचं. पण हंड्यात पाणी नाही हे बघणाऱ्याला लगेच कळत होतं. दुसऱ्या आल्या त्या ‘व्हय जी’ इतकं ठासून म्हणाल्या की श्रीधरला हसू आवरेना. नवऱ्याच्या कामासाठी मात्र वसंतराव मिळाले. हळदीच्या पेढीवर नोकरी, उंची आणि मिशा पलटणीतल्यासारख्या. तेही तोंड उघडलं की गावरान बोलण्याचं सोंग करायचे. मग मी त्यांची वाक्यंच कमी केली. तरी खरा पलटणीतला माणूस मिळाला तर बरं, असं मनात होतंच. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं, उंब्रजला एक हवालदार पेन्शनीवर आलेत, गिरणी चालवतात, बघा जाऊन.

म्हणजे मी आलो होतो हवालदारांसाठी. तुझ्यासाठी नाही. हे तू मला किती वेळा ऐकवलंस.

गिरणी चालू होती. आत पिठाचा धुरळा, पट्ट्याचा फटफटाट, कानाशी कुणी ओरडलं तरी ऐकू येऊ नये असा दणका. तू उंचावर उभी राहून दळण ओतत होतीस, हवालदार पार दुसऱ्या टोकाला. तुझे ओठ हलले. आवाज काही आला नाही. हवालदारांनी मान हलवली, कोपऱ्यातला बाजरीचा डबा उचलून पुढं आणला. मग त्यांचे ओठ हलले आणि तू हसलीस. मी दारात उभा राहून बघत राहिलो. नंतर तू म्हणालीस, “गिरनीत बोलायचं म्हंजे व्हटानंच. वरडून वरडून छाती फुटंल की.” ओरडायचीसही तू. दळणाला आलेल्या बायांशी ओरडूनच बोलावं लागायचं. त्यानं तुझा आवाज घोगरा झाला होता, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा.

गिरणी थांबल्यावर मी हवालदारांना गोष्ट सांगितली. ते सरळ उभे राहून ऐकत होते. एक प्रसंग वाचून दाखवला. बायकोचं वाक्य मीच वाचलं, “अहो, पाहुण्यासारखे काय बसलात? टेका की जरा.”

वरून तू खो खो हसलीस. “मास्तर, ही बायकू हाय का कलेक्टर?”

“मग कसं म्हणायचं?” मी जरा चिडूनच विचारलं.

तू पदराला हात पुसलेस. हवालदारांकडं वळलीस. आणि म्हणालीस, “आवं, पावन्यागत काय बसलाय? टेका की.”

हवालदार बसलेलेच नव्हते, उभे होते. ते पटकन पोत्यावर बसले आणि भिंतीला टेकले.

श्रीधरनं माझ्या पाठीत कोपर मारलं. परतीच्या एसटीतून साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, “बाई मिळाली.”

पण तू मिळणं इतकं सोपं नव्हतं, हे मला तेव्हा कळलंच नाही. मी पाहुणा, येऊन सांगून मोकळा. राहायचं तुला होतं त्या भावकीत. तुझे थोरले दीर, अण्णा, ओट्यावर बसून होते. त्यांनी माझ्यादेखत तुला विचारलं, “आपल्या घरातली बाई आता त्वांडाला रंग लावनार?”

तू चहाचे कप उचलत म्हणालीस, “रंग कशाला? पीठ हाय की त्येवढं.”

“लोकं काय म्हनत्याल? हवालदाराची बायकू तमाशात गिली म्हनत्याल.”

“म्हनू द्या. पडद्यावर मी बोलंन तवा समदी आयकाल. मग ठरवा तमाशा हाय का काय हाय.”

ही तुझी जामिनकी होती, आक्का. तू भावकीला तुझ्या बोलण्याचा शब्द दिलास. गल्लीतल्या बायांना सांगितलंस, पडद्यावर दुसरं काय नसंल, पर बोलनं माझं असंल. मी तिथं बसून ते ऐकलं आणि मान डोलावली.

मग तू सिनेमाच ताब्यात घेतलास. पोस्टमन कोण, शेजारीण कोण, सावकार कोण, सगळं तू ठरवायला लागलीस. पंचक्रोशी दळणाला तुझ्याकडं येत होती, तुला माणसं बघायला कुठं जावं लागत नव्हतं. मी नाव काढलं की तू म्हणायचीस, “त्येचं थोबाड बरं हाय, पर बोलतंय कसं, आयकलंस का?” आपला वाद तिथंच सुरू झाला आणि शेवटपर्यंत संपला नाही. मी म्हणायचो, आक्का, सिनेमा चेहऱ्याचा असतो. पडद्यावर चेहरा एवढा मोठा दिसतो की आवाजाकडं कुणाचं लक्ष जात नाही. तू म्हणायचीस, “मानूस डोळं मिटून बी वळखता येतंय. कान मिटून वळखून दाव बरं.” मी काहीतरी पुस्तकी उत्तर द्यायचो. तू “व्हय, शाना हायस” म्हणून दळणाला लागायचीस.

तू नेहमी बरोबर होतीस असं नाही. औंधची म्हातारी आठवते? सासूच्या कामाला बाई मिळेना म्हणून आपण तिघं यमाईला गेलो होतो. पायथ्याशी नारळ विकणाऱ्या एका म्हातारीचं गिऱ्हाइकाशी भांडण चाललं होतं, ते ऐकून तू तिथंच हटून बसलीस. हीच सासू. मला तिचा चेहरा पसंत नव्हता. तू ऐकलं नाहीस. म्हातारी आली, झोकात आली, आणि कॅमेरा सुरू झाला की भिंगात बघून श्रीधरला विचारायची, “जेवलास का रं लेकरा?” दिवसभर तेच. शेवटी तिला पाठमोरी बसवून काम उरकलं. तू चूक कबूल केलीस का? छे. म्हणालीस, “पाठीमागनं बी वळखू येती का न्हाई बोलल्यावर?”

शूटिंगला तू नवी साडी नेसून आलीस तेव्हाही असंच. मी म्हणालो, जुनं लुगडं नेस, शेतात राबणारी बाई आहे. तू रुसलीस. “समदी भावकी बघनार, आन् म्या फाटकं नेसू?” तास-दोन तास तू बोलली नाहीस. नंतर जुनं नेसलीस, पण नथ काढली नाहीस. ती नथ पडद्यावर अजून आहे. शेण काढताना नथ घातलेली बाई बघून पुण्यात एकानं त्यात काही खोल अर्थ असावा असं लिहिलं होतं. तुला वाचून दाखवलं तर तू हसून लोळली असतीस. नाही दाखवलं. तोवर मी उंब्रजला येणं टाळायला लागलो होतो.

खरी अडचण आली नवऱ्याच्या कामाची. हवालदार कॅमेऱ्यापुढं आले की सावधान. बसा म्हटलं तर सावधान बसायचे. खाटेवर आडवं केलं तर आडवेसुद्धा सावधान. म्हणून सांगलीहून वसंतराव आले. तू त्यांना पाणी दिलंस, जेवू घातलंस, ‘दादा’ म्हणालीस. आणि कॅमेरा सुरू झाल्यावर तुझ्या तोंडून ‘आवं’ निघेना.

मी म्हणालो, “आक्का, नुसतं नाटक आहे.”

तू मान खाली घालून म्हणालीस, “बाकी समदं म्हनते की. त्येवढं सोडून.”

“एवढं एक अक्षर...”

“त्यांचं नाव बी म्या कवा घेतल्यालं न्हाई मास्तर. माज्याजवळ त्येवढं येकच हाय, त्यांना हाक मारायला. त्ये दुसऱ्याला कसं दिऊ?”

वसंतराव बिचारे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मला राग आला होता. ऊन सरत होतं, श्रीधर घड्याळ बघत होता. तेवढ्यात तूच म्हणालीस, “ह्येंना तितं उभं करा की, पेटीच्या मागं. दादांची माझी तसबीर येकदम कशाला पायजे?”

श्रीधरनं कॅमेरा हलवला. हवालदार त्याच्या खांद्यामागं उभे राहिले, आपले सावधान. वसंतरावांचे शॉट वेगळे घेतले, रिकाम्या भिंतीकडं बघताना. आणि तू श्रीधरच्या कानाजवळून पलीकडं बघत म्हणालीस, “आवं, पावन्यागत काय बसलाय? टेका की.”

ते बघणं हवालदार पलटणीतून आले त्या पहिल्या दिवसाचं होतं. किती वर्षांची वाट, किती राग, आणि आता काय करायचं या माणसाचं, असं सगळं त्यात होतं. श्रीधरनं कॅमेरा थांबवला तरी कुणी हललं नाही. मागं हवालदार भिंतीला टेकले होते.

हे मला मिळालं ते तुझ्यामुळं. मी आयुष्यात एक चांगली गोष्ट केली असेल तर ती एवढीच, तो क्षण होत असताना मी तिथं होतो आणि मी मधे बोललो नाही.

कॅमेऱ्याच्या घरघरीमुळं टेपवरचा आवाज सिनेमात चालणार नव्हता. पुण्याला जाऊन पुन्हा बोलावं लागेल, असं मी तुला आधीच सांगितलं होतं. तू म्हणालीस, “भाकरी बांधून यीन. येका दिसात हुईल न्हवं?” दर खेपेला विचारायचीस, कवा जायाचं? मी म्हणायचो, कळवतो.

पुण्यातले एक गृहस्थ तेव्हा नवे सिनेमे आपल्या मंडळात दाखवायचे. त्यांच्यावर आमची सगळी भिस्त. त्यांनी जोडलेली रिळं पाहिली, तुझ्या चेहऱ्याची फार तारीफ केली. मग टेप ऐकला आणि म्हणाले, “आवाज मात्र राठ आहे हो. आणि ही भाषा इथं कुणाला कळणार? थोडं सोज्वळ करा.” मी लगेच हो म्हणालो. क्षणभरही विचार केला नाही. तुला बोलावणं परवडत नाही हे नंतर शोधलेलं कारण. एसटीचं तिकीट काय असतं आक्का, मला माहीत होतं.

खरं कारण सांगायचं तर तुझा आवाज ऐकताना मला माझ्या घराची लाज वाटायची. तू पहिल्याच आठवड्यात विचारलं होतंस, “मास्तर, गाव कंचं?” मी म्हणालो, कवठे महांकाळजवळचं. तू डोळे बारीक केलेस. “मग आसं का बोलतुयास?” मी हसून विषय बदलला. सांगलीला कॉलेजात पहिल्या वर्षी मी वर्गात उठून ‘न्हाई’ म्हणालो होतो, आणि सगळी बाकं हसली होती. त्या दिवसापासून मी रोज खोलीत मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून जीभ घासली. आई बोलायची ते बोलणं सगळं तोंडातून काढून टाकलं. आणि तुझ्या टेपमधून तीच जीभ परत आली होती. पुण्याच्या त्या गृहस्थांसमोर, त्यांच्या वेताच्या खुर्चीवर बसून ऐकताना माझे कान तापले. मी तुझा आवाज नाही झाकला, माझा झाकला. तुझा त्यात गेला.

पुण्यातल्या बाई चांगल्या होत्या. मन लावून बोलल्या. “अहो, पाहुण्यासारखे काय बसलात? टेका की जरा.” माझं मूळचं वाक्य. कलेक्टरीणबाईंचं.

उंब्रजच्या जत्रेत शाळेच्या पटांगणावर पडदा लावला त्या संध्याकाळी मी तुला आधी सांगू शकलो असतो. तू दुपारपासून नटून बसली होतीस, ती नवी साडी नेसून. अण्णांना स्वतः हाताला धरून पुढच्या सतरंजीवर आणलंस. भावकीतल्या सगळ्या बाया तुझ्याभोवती. मी मशीनजवळ उभा राहिलो आणि मनात म्हणत होतो, लक्षात येणार नाही. चेहराच बघतील.

पडद्यावर तू आलीस आणि पटांगण ओरडलं. शिट्ट्या, टाळ्या. “इंदाक्का! इंदाक्का!” मग तू तोंड उघडलंस.

शिट्ट्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, “ही कोन बोलतीया?” आणि मागून एका टारगट पोरानं ओरडून सांगितलं, “इंदाक्काच्या अंगात पुन्याची बाई आली रं!”

जे हसू फुटलं ते सिनेमाभर थांबलं नाही. पडद्यावर तू रडलीस तरी लोक हसत होते. अण्णा उठून निघून गेले. जाताना थांबून म्हणाले, “बोलनार हुतीस न्हवं?” तू शेवटपर्यंत बसलीस, पाठ सरळ, हात मांडीवर. मला फक्त तुझा अंबाडा दिसत होता.

संपल्यावर मी पुढं आलो. तुला काहीतरी सांगायचं ठरवलं होतं, तांत्रिक अडचण वगैरे. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, “जेवून जावा. पोरं उपाशी हाईत.” तू मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ‘जावा’ म्हणालीस. श्रीधरनं खाल्लं. मी भाकरी मोडून बसलो.

पुढं सिनेमा पुण्यात दाखवला, मुंबईतही एकदा. तुझ्या चेहऱ्याचं कौतुक झालं. माझी पाठ थोपटली गेली. आणि दर सुगीनंतर साताऱ्याच्या स्टँडवर एसटीचा ड्रायव्हर माझ्यासाठी एक पिशवी आणून द्यायचा. जोंधळ्याचं पीठ. बरोबर निरोप असा काही नाही. तू माझ्यावर रागावली होतीस का, क्षमा केली होतीस का, मला कळायचं नाही. माझी बायको भाकरी करायची आणि म्हणायची, काय पीठ आहे हो. मी खायचो. आक्का, इतकी वर्षं मी तुझ्या हातचं पीठ खाल्लं आणि एक खेप सोडली तर तुझ्या दारात आलो नाही. पिठाबद्दल आभारसुद्धा कळवले नाहीत. ते आज मानतो. भाकरीचे, नथीचे, पोस्टमन शोधून दिलास त्याचे, माझ्या वाक्याला हसलीस त्याचे. श्रीधर आता चांगला कॅमेरामन झाला आहे, तो म्हणतो, माणूस कुणाकडं बघतोय ते मी आक्काच्या त्या शॉटपासून विचारायला शिकलो. तो दहाव्याला आला होता, तुला आवडलं असतं.

आता हवालदार काय म्हणाले ते. मी म्हणालो, टेप पुसला. ते म्हणाले, “सिनेमा तरी हाय न्हवं?”

“आहे. पण त्यात आवाज तिचा नाही.”

“आवाजाचं कान फिरवा म्हंजे झालं. बंद करून लावा.” माझ्याकडं बघून जरा हसले. “मास्तर, तिचं व्हट तर तिचंच हाईत? म्या पेन्शनीवर आल्यापास्नं आमी गिरनीत व्हटावरनंच बोललो. त्या जत्रंत समदी लोकं हासत हुती, तवा बी मला तिचंच आयकू यीत हुतं. ‘आवं’ म्हनली ती. म्या आयकलं.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पडू दिलं नाही, पडायच्या आधीच सावधान झाले.

येत्या रविवारी मी मशीन घेऊन उंब्रजला जाणार आहे. आवाज बंद करून लावणार आहे, त्यांच्या एकट्यासाठी.

टेपची गोष्ट तुला सांगायची राहिली ती राहिलीच. आवाजाबद्दल माफी मागायची मात्र राहिली नाही, आणि त्यासाठी मी त्या गेल्या हिवाळ्यातल्या दुपारचा फार ऋणी आहे. पीठ घेऊन ड्रायव्हर आला आणि मी पिशवी घेऊन घरी जायच्या ऐवजी त्याच गाडीत बसलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. आई वारली त्याला तेव्हा महिना झाला होता, आणि गावाकडं तिच्यासारखं बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

गिरणी चालू होती. चार-पाच बाया डबे घेऊन बसलेल्या. तू उंचावर उभी, केस पिठानं आणि वयानं पांढरे. मला बघितलंस, हात थांबवला नाहीस. मी जवळ आलो आणि म्हणालो, “आक्का, मी माफी मागायला आलोय.”

“काय?” तू कानाला हात लावलास.

“माझी चूक झाली. तुमचा आवाज मी बदलायला नको होता.”

“आयकू यीना! मोठ्यानं बोल की. सिनेमा काढतुयास आन् त्वांडातनं आवाज न्हाई व्हय?”

बाया हसायला लागल्या. मी ओरडलो. तू पुन्हा मान हलवलीस, नाही म्हणून. पट्टा फटफटत होता, नाकातोंडात पीठ जात होतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी छाती फुटेल असा ओरडलो, “आक्का, चुकलं गं माजं! तुजा आवाज म्या काढाया नगु हुता! मला माज्या बोलन्याची लाज वाटली गं!”

तू दळणाचा डबा खाली ठेवलास. वाकून माझ्या कानाशी तोंड आणलंस.

“पयल्यांदाच कळलं हुतं मला. व्हटावरनं,” तू म्हणालीस. “पर ह्यो आवाज कुटं ठिवला हुतास रं, इतकी वर्सं?”

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, पिठाचा. मग मी आणखी एकदा म्हणालो, नुसते ओठ हलवून, घशातून काहीही न काढता.

“चुकलं माजं, आक्का.”

गिरणी चालूच होती. तू मान हलवलीस.